विरहकाव्य आणि शोकाचे उपशमन : इंदिरा संत यांच्या कवितेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

प्रिय व्यक्तीच्या मृत्यूनंतर लिहिलेली किंवा वाचलेली प्रेमकविता शोक हलका करते, असे आपण सहजपणे म्हणतो. हे विधान कितपत खरे आहे आणि खरे असल्यास ते कोणत्या अर्थाने, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील करुण आणि विप्रलंभ यांचा भेद, विसाव्या शतकातील शोकविषयक मानसशास्त्रीय विचार आणि इंदिरा संत (१९१४–२०००) यांची कविता अशा तीन आधारांवर विवेचन केले आहे. शोकाचे उपशमन म्हणजे विस्मरण नव्हे, तर तुटलेल्या नात्याला नवे रूप मिळणे होय. आणि प्रेमकविता हे रूप देऊ शकते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : विरहकाव्य, करुण, विप्रलंभ शृंगार, शोकप्रक्रिया, वैधव्य, इंदिरा संत.

१. प्रस्तावना

शोक आणि काव्य यांचे नाते भारतीय परंपरेने काव्याच्या उगमाशीच जोडलेले आहे. क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतील नर व्याधाच्या बाणाने पडला, मादीने आक्रोश केला आणि तो ऐकून वाल्मीकींच्या मुखातून छंदोबद्ध वाणी बाहेर पडली, ही रामायणाच्या आरंभीची कथा सर्वपरिचित आहे. येथे मृत्यू आहे तो प्रियकराचा, आणि शोक आहे तो प्रेमाचा. म्हणजे आपल्या परंपरेच्या दृष्टीने आदिकाव्याच्या मुळाशी वियोगाचे दुःख आहे.

तथापि या कथेकडे पाहताना एक प्रश्न अनुत्तरित राहतो. शोकातून श्लोक निर्माण झाला हे खरे. परंतु श्लोकाने शोकाचे काय केले? क्रौंचीचे दुःख शमले काय? कवीचे शमले काय? आणि तो श्लोक ऐकणाऱ्याच्या मनात आधीच एखादे दुःख असेल, तर त्याचे काय होते? महाविद्यालयात कविता शिकविणाऱ्या अध्यापकाला हा प्रश्न टाळता येत नाही. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी वडील, कोणी आई, कोणी भावंड गमावलेले असते. २०२० आणि २०२१ या महासाथीच्या वर्षांनंतर तर ही शक्यता गृहीतच धरावी लागते. विरहकविता अशा विद्यार्थ्यापुढे ठेवताना आपण त्याला नेमके काय देत आहोत, हे आपल्याला ठाऊक असणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) शोक आणि विरह यांच्याविषयीचा साहित्यशास्त्रीय विचार स्पष्ट करणे.
२) शोकाच्या उपशमनाविषयी आधुनिक मानसशास्त्राची भूमिका कशी बदलत गेली ते पाहणे.
३) इंदिरा संत यांच्या कवितेच्या आधारे प्रेमकवितेचे शोकातील कार्य तपासणे.
४) अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना करणे.

२. करुण आणि विप्रलंभ : साहित्यशास्त्रीय भूमिका

भरताच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायात करुण रस आणि विप्रलंभ शृंगार यांच्यातील फरक स्पष्ट केलेला आहे. दोहोंमध्ये अश्रू आहेत, चिंता आहे, क्षीण होत जाणारे शरीर आहे. मग फरक कोणता? भरताच्या मते करुण हा निरपेक्ष भाव आहे, तर विप्रलंभ हा सापेक्ष भाव आहे. करुणात पुन्हा भेटीची अपेक्षा संपलेली असते. विप्रलंभात ती शिल्लक असते. म्हणून करुणाचा स्थायी भाव शोक, तर विप्रलंभाचा स्थायी भाव रतीच राहतो. प्रिय व्यक्ती दूर गेली तरी प्रेम हाच तेथील मूळ भाव असतो आणि दुःख हे त्याच्या पोटात वावरते.

या विभागणीप्रमाणे पाहिले तर मृत्यूनंतरचे काव्य करुणाच्याच खात्यात जमा व्हावयास हवे. परंतु चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार मानले. युगुलापैकी एक जण परलोकी गेला असून त्याच्या पुन्हा प्राप्तीची आशा असेल, तर तेथे करुण-विप्रलंभ मानावा, असे त्याचे म्हणणे आहे. बाणभट्टाच्या कादंबरीतील पुंडरीक आणि महाश्वेता हे त्याचे उदाहरण. ही आशा नसेल तर मात्र तो निखळ करुणच. शास्त्रकारांची ही सीमारेषा तर्कशुद्ध आहे. परंतु मानवी मन या रेषेवर नेमके वागत नाही. भेट अशक्य आहे हे पूर्णपणे ठाऊक असूनही मन वाट पाहत राहते. ज्ञान करुणाचे आणि भाव विप्रलंभाचा, अशी ही स्थिती आहे. इंदिरा संत यांची कविता याच स्थितीतून बोलते, हे पुढे दिसून येईल.

संस्कृत काव्यातील दोन प्रसंग या संदर्भात तुलनेसाठी उपयुक्त आहेत. कालिदासाच्या रघुवंशाच्या आठव्या सर्गात इंदुमतीच्या आकस्मिक मृत्यूनंतर अज विलाप करतो. वसिष्ठ शिष्याकरवी उपदेश पाठवितात. पण तो उपदेश अजाच्या शोकाने भरलेल्या हृदयात ठरत नाही. पुत्र दशरथ लहान आहे म्हणून तो आठ वर्षे कशीबशी काढतो. पत्नीशी साम्य असलेल्या वस्तू आणि तिची चित्रे पाहून व स्वप्नातील क्षणभेटींवर तगून राहतो आणि अखेरीस गंगा-सरयूच्या संगमावर देह ठेवतो. संस्कृत साहित्यातील या अत्यंत सुंदर विलापाने विलाप करणाऱ्याला वाचविले नाही, याची नोंद घेतली पाहिजे.

भवभूतीच्या उत्तररामचरिताचा तिसरा अंक याहून वेगळा आहे. विदर्भातील पद्मपूरच्या या नाटककाराने बारा वर्षांनंतर रामाला पुन्हा जनस्थानात आणले आहे. सीता अदृश्य रूपाने तेथे उपस्थित आहे आणि रामाचा शोक ऐकत आहे. तेथे तमसा ही नदीदेवता सीतेला समजावते की, तळे काठोकाठ भरून धोक्यात आले की सांडव्याने पाणी काढून देणे हाच उपाय असतो. त्याप्रमाणे शोकाने क्षुब्ध झालेले हृदय विलापानेच तग धरते. शोकाच्या अभिव्यक्तीचे इतके नेमके रूपक अन्यत्र क्वचितच सापडेल. ते नीट पाहिले असता दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे सांडवा तळे रिकामे करीत नाही. तो फक्त बांध फुटू देत नाही. दुसरी म्हणजे रामाचा विलाप कोणीतरी ऐकत आहे. अजाच्या विलापाला उपदेश मिळाला, रामाच्या विलापाला श्रोता मिळाला. शोकाच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे.

या चर्चेत अभिनवगुप्ताचे एक निरीक्षणही महत्त्वाचे आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगाचे विवरण करताना तो स्पष्टपणे सांगतो की, तो शोक मुनीचा व्यक्तिगत शोक समजू नये. मुनी स्वतःच त्या दुःखाने दुःखी झाला असता तर रसनिर्मिती संभवली नसती. म्हणजे कच्चे दुःख काव्य होत नाही. दुःखापासून काही अंतर निर्माण झाले, ते पाहता येऊ लागले, की काव्याचा आरंभ होतो. म्हणून कविता लिहिली जाणे हेच शोकातील एका टप्प्याचे द्योतक मानता येते.

३. शोकाविषयीची बदलती मानसशास्त्रीय भूमिका

विसाव्या शतकातील शोकविचाराचा आरंभ सामान्यतः सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोक आणि विषाद यांवरील निबंधापासून मानला जातो. त्यांच्या मते शोक हे मनाचे काम आहे. गेलेल्या व्यक्तीत गुंतलेली भावनिक शक्ती एकेका आठवणीतून सोडवून घ्यायची आणि ती अन्यत्र गुंतविण्यास मोकळी करायची, असे त्या कामाचे स्वरूप. या भूमिकेचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. ‘विसरा आणि पुढे चला’ या लौकिक सल्ल्यालाही तिने नकळत शास्त्राचे बळ दिले.

परंतु खुद्द फ्रॉइड यांचा अनुभव या सिद्धांतात मावला नाही. १९२० मध्ये त्यांची कन्या सोफी मरण पावली. पुढे १९२९ मध्ये मुलगा गमावलेल्या आपल्या स्नेह्याला, लुडविग बिन्सवांगर यांना, लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले की, तीव्र शोक ओसरला तरी गेलेल्या व्यक्तीची जागा कशानेच भरून निघत नाही. आणि तसे होणेच योग्य, कारण जे प्रेम सोडून द्यावेसे वाटत नाही ते टिकविण्याचा तोच एक मार्ग आहे.

एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांच्या १९६९ मधील ग्रंथातील नकार, संताप, सौदा, खिन्नता आणि स्वीकार या पाच अवस्था आज सर्वत्र सांगितल्या जातात. मुळात त्या मरणासन्न रुग्णांच्या संदर्भात मांडल्या गेल्या होत्या, हे बहुधा विसरले जाते. मागे राहिलेल्यांचा शोक अशा ठरावीक पायऱ्यांनी जातो, याला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने ‘नात्याचे सातत्य’ ही संकल्पना पुढे आणली. मृत व्यक्तीशी असलेले नाते तोडणे हे शोकाचे उद्दिष्ट नसून, ते बदललेल्या रूपात मनात वागविणे हे अनेकांच्या बाबतीत स्वाभाविक व निरोगी असते, असे या अभ्यासकांचे म्हणणे आहे. आपल्या समाजात श्राद्ध, पुण्यतिथी, घरातील तसबीर या मार्गांनी हे सातत्य पूर्वापार राखले गेले आहे.

१९९९ मध्ये मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट यांनी दुहेरी प्रक्रियेचे प्रतिमान मांडले. त्यानुसार शोकग्रस्त व्यक्ती दोन दिशांमध्ये ये-जा करीत असते. कधी ती हानीला सामोरी जाते, आठवणीत बुडते, रडते. तर कधी ती नव्या जबाबदाऱ्या, नोकरी, मुलांचे संगोपन यांकडे वळते. दोन्हींपैकी एकाच दिशेला अडकून पडणे अपायकारक. त्यांच्यातील हेलकावा हाच सावरण्याचा मार्ग.

लेखनाच्या उपयोगाविषयीही काही अभ्यास उपलब्ध आहेत. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील आघाताविषयी लिहावयास सांगितले होते. घटना आणि भावना या दोहोंविषयी लिहिणाऱ्यांना लिहिताना अधिक त्रास झाला. परंतु पुढील महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाण्याचे त्यांचे प्रमाण कमी आढळले. या निष्कर्षाचा उल्लेख वारंवार होतो. तथापि श्ट्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, जोडीदार गमावलेल्या व्यक्तींच्या अभ्यासात केवळ भावना बोलून किंवा लिहून दाखविल्याने शोकातून सावरणे वेगाने होते, असे आढळले नाही. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले पाहिजेत. मन मोकळे केले की दुःख जाते, हा समज अपुरा आहे. पेनेबेकर यांच्या १९९७ मधील भाषिक विश्लेषणातही कार्यकारण आणि उमज सुचविणाऱ्या शब्दांची वाढ ही लाभाशी निगडित दिसली. म्हणजे व्यक्त होण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व अनुभवाला आकार देण्याला आहे. कविता हे आकार देण्याचेच कार्य होय.

४. इंदिरा संत : विरहाची छत्तीस वर्षे

४.१ जीवनसंदर्भ. इंदिरा संत यांचे पती नारायण माधव संत हेही लेखक होते. ‘सहवास’ (१९४०) हा उभयतांचा संयुक्त कवितासंग्रह. १९४६ मध्ये ना. मा. संत यांचे निधन झाले. त्या वेळी इंदिराबाईंचे वय बत्तीस वर्षांचे होते. मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. बेळगाव येथे त्यांनी अध्यापन केले आणि शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्य म्हणून त्या निवृत्त झाल्या. ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७), ‘रंगबावरी’ (१९६४), ‘बाहुल्या’ (१९७२) आणि ‘गर्भरेशीम’ (१९८२) हे त्यांचे प्रमुख संग्रह. ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या सनावळीतच एक अर्थ दडलेला आहे. पतिनिधनापासून ‘शेला’ पाच वर्षांच्या अंतरावर आहे, ‘मृगजळ’ अकरा, ‘रंगबावरी’ अठरा आणि ‘गर्भरेशीम’ छत्तीस वर्षांच्या अंतरावर. शोकाचे वेळापत्रक मांडणाऱ्या कोणत्याही सिद्धांताला ही कविता आव्हान देते. प्रेमाचा विषय येथे संपत नाही. पण तो आहे त्याच ठिकाणी थांबलेलाही नाही. त्याच काळात त्या नोकरी करीत होत्या, मुले वाढवीत होत्या, शिकवीत होत्या. श्ट्रोब आणि शूट यांनी सांगितलेला हेलकावा येथे एका आयुष्याच्या प्रमाणावर दिसतो.

४.२ शीर्षकांचा अर्थ. वैधव्याविषयी मराठी समाजाची जी रीत होती तिच्यासमोर ही शीर्षके ठेवून पाहावीत. शेला हे मंगलप्रसंगीचे वस्त्र, मेंदी हे सौभाग्याचे लेणे, रंग हा विधवेला वर्ज्य, रेशीम हे सणासमारंभाचे. पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीच्या अंगावरून आणि आयुष्यातून जे जे काढून घेतले जात असे, ते ते एकेक करून या संग्रहांच्या मुखपृष्ठावर परत आलेले दिसते. संग्रहातील प्रत्येक कविता वैधव्याच्या काळातच लिहिली गेली असे मानण्याचे कारण नाही. परंतु संग्रहाला नाव देण्याची कृती मात्र त्या काळातली आहे. कवयित्रीचा हेतू असाच होता असा दावा करता येणार नाही. वाचकाला मात्र हा क्रम नजरेआड करता येत नाही. विशेष म्हणजे या परतीत कोठेही घोषणा नाही, वाद नाही. मेंदीची हिरवी पाने वाटली जातात तेव्हाच त्यांतून लाल रंग येतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या शीर्षकातील वेदनाही कळते आणि त्यातील हक्कही.

या हक्काचे मोल आजही कमी झालेले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद केल्या आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरविण्यास सांगितले. शोकग्रस्त स्त्रीला तिच्या प्रेमाच्या खुणा बाळगू द्याव्यात, यासाठी एकविसाव्या शतकातही ठराव करावा लागतो. सात दशकांपूर्वी एका तरुण विधवेने प्रेमकविता प्रसिद्ध करणे, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजून घ्यावयास हवा.

४.३ बहिणाबाईंशी तुलना. ‘शेला’ प्रसिद्ध झाल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी पुस्तकरूपाने आली. त्याही ऐन तारुण्यात विधवा झाल्या होत्या. वैधव्यावरील त्यांच्या कवितेत कुंकवाखाली झाकलेल्या कर्मरेषेचा, हाती उरलेल्या लेकरांचा आणि कीव नाकारणाऱ्या स्वाभिमानाचा उल्लेख येतो. तेथे दुःखातून उभे राहण्याचा निर्धार आहे. बोलणे दैवाशी आणि भोवतीच्या बायकांशी आहे. इंदिराबाईंचे बोलणे मात्र बहुतांशी ‘त्या’च्याशी आहे. एकीने हानीनंतरच्या जगण्याला शब्द दिले, दुसरीने हानीनंतरच्या प्रेमाला. दोन्ही मार्ग उपशमनाचेच आहेत. त्यांत उच्चनीच मानण्याचे कारण नाही. परंतु त्यांची कार्ये वेगळी आहेत.

४.४ संबोधन आणि निसर्ग. इंदिराबाईंच्या विरहकवितेचे एक प्रमुख वैशिष्ट्य म्हणजे संबोधन. गेलेल्या व्यक्तीविषयी तृतीयपुरुषात बोलण्याऐवजी त्या तिच्याशी द्वितीयपुरुषात बोलतात, अथवा निसर्गातील एखाद्या घटकाला मध्यस्थ करतात. पावसाला उद्देशून लिहिलेली त्यांची सुपरिचित कविता याचे उत्तम उदाहरण आहे. जुन्या, मोडक्या घरावर अवेळी धिंगाणा घालणाऱ्या पावसाला ती स्त्री प्रथम दामटते; संसारातील नाजूक वस्तूंचा कसा नाश होत आहे ते सांगते; आणि अखेरीस त्यालाच गळ घालते, की दूर जाऊन वाटेवरच्या माझ्या प्रियाला परत फिरव, सांभाळून घरी आण, मग तू कितीही दंगा कर.

शास्त्राच्या भाषेत हा प्रवास-विप्रलंभ आहे. नायिका प्रोषितभर्तृका आहे. कवितेत मृत्यूचा उच्चार नाही. पण कवयित्रीचे चरित्र ठाऊक असलेल्या वाचकाला ती वाट परत न येण्याची वाटू लागते, आणि मग कवितेतील लाडिक तक्रारीखाली निराळाच कंप जाणवतो. येथेच करुण आणि विप्रलंभ यांच्यातील सीमा धूसर होते. भेटीची आशा वस्तुस्थितीत नाही, पण भाषेत आहे. व्याकरणाने द्वितीयपुरुष शिल्लक ठेवला आहे आणि त्या ‘तू’च्या आधाराने नाते शिल्लक राहते. ‘नात्याचे सातत्य’ ही संकल्पना मानसशास्त्राने मांडण्याच्या कितीतरी आधी कवितेने ती आचरणात आणली होती.

येथे संयमाचाही विचार केला पाहिजे. इंदिराबाईंची कविता आकाराने लहान, घरगुती शब्दकळेची आणि आक्रोश टाळणारी आहे. उंबरठा, दिवा, अंगण, संध्याकाळ, झाडपान या मर्यादित सामग्रीतून ती उभी राहते. दुःखाला असे लहान भांडे देणे म्हणजे दुःख लहान मानणे नव्हे. जे दुःख अमर्याद वाटते त्याला काठ मिळतात. भवभूतीच्या रूपकात सांगायचे तर, येथे बांध आणि सांडवा दोन्ही कविताच पुरविते.

४.५ ‘मी’कडून ‘आम्ही’कडे. पुढील काळात या कवितेची कक्षा विस्तारत गेली. राधा, मीरा, कुब्जा यांसारख्या स्त्रिया तिच्यात येतात. त्यांपैकी ‘कुब्जा’ ही कविता विशेष विचारणीय आहे. पहाटेच्या वेळी, अजून राधा आणि गोकुळ निद्रिस्त असताना, बासरीचे स्वर एकटी कुब्जा ऐकते. मथुरेतील ही विद्रूप दासी. प्रेमाच्या कथेत तिला मानाचे स्थान नाही. पण त्या क्षणी ते स्वर आपल्यासाठीच आहेत असे तिला वाटते. ज्याला प्रेमाचा लोकमान्य अधिकार उरलेला नाही अशा व्यक्तीलाही प्रेम अनुभवण्याचा अधिकार आहे, असे या कवितेचे एक वाचन करता येते. व्यक्तिगत विरह येथे पौराणिक व्यक्तिरेखेच्या आश्रयाने सर्वांचा झाला आहे.

उत्तरायुष्यात त्यांनी स्त्रियांच्या ओव्यांचे संकलन ‘मालनगाथा’ या नावाने सिद्ध केले. जात्यावर बसून अनाम स्त्रियांनी गायिलेले सुखदुःख त्यात आहे. स्वतःच्या विरहापासून निघालेली वाट इतर असंख्य स्त्रियांच्या आवाजापर्यंत पोहोचली. ज्याला भारतीय साहित्यशास्त्र साधारणीकरण म्हणते, ते या एका लेखनजीवनात टप्प्याटप्प्याने पाहावयास मिळते.

५. वाचकाच्या बाजूने

आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः कवीच्या बाजूने झाले. शोकग्रस्त वाचकाला अशी कविता काय देते, याचे उत्तर तीन प्रकारे देता येईल. पहिले म्हणजे ती शब्द देते. शोकाची एक मोठी व्यथा मुकेपणाची असते. भेटावयास येणाऱ्यांची सांत्वनाची वाक्ये ठरलेली असतात आणि उत्तरेही ठरलेली असतात. कविता या ठरावीक भाषेबाहेरचा शब्द उपलब्ध करून देते. दुसरे म्हणजे ती परवानगी देते. अजून आठवण येते, अजून वाट पाहावीशी वाटते, रागही येतो, याची लाज बाळगण्याचे कारण नाही, हे ती न सांगता सांगते. तिसरे म्हणजे ती सोबत देते. रामाचा विलाप ऐकणारी सीता अदृश्य होती; कविता वाचणाऱ्याला तशीच एक अदृश्य सोबत लाभते.

मात्र कवितेची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कविता हे औषध नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत प्रदीर्घ शोकविकाराचा समावेश झाला आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ आणि आपल्या समाजात अपेक्षित मानल्या जाणाऱ्या मर्यादेपलीकडे शोकाची तीव्रता टिकून राहून दैनंदिन जीवन विस्कळीत होत असेल, तर तज्ज्ञांच्या साहाय्याची आवश्यकता असते. अज राजाची कथा या दृष्टीने इशारा देणारी आहे. त्याचा विलाप उत्कृष्ट होता. पण त्याचे मन एकाच दिशेला खिळलेले राहिले. छत्तीस वर्षे विरहाची कविता लिहिणे आणि आठ वर्षे विरहात झिजत जाणे, यांतील भेद कालावधीचा नसून गतीचा आहे.

६. अध्यापनविषयक सूचना

१) विरहकविता शिकविताना प्रथम कविता वाचावी, चरित्र नंतर सांगावे. चरित्र आधी सांगितले की कविता त्याचा पुरावा ठरते आणि विद्यार्थी तिच्यात फक्त मृत्यू शोधू लागतो. पावसावरील कवितेतील खेळकरपणा अशा वाचनात हरवतो.

२) विद्यार्थ्यांना स्वतःचा अनुभव सांगण्याची सक्ती करू नये. लिहावयाचे असल्यास ते न दाखविण्याची मुभा असावी. लिहिताना त्रास वाढू शकतो, हे पेनेबेकर-बील यांच्या प्रयोगातही दिसले होते.

३) ‘दुःखातून बाहेर पडणे’ या शब्दप्रयोगाऐवजी ‘दुःखासह जगणे’ या दिशेने चर्चा न्यावी.

४) एखाद्या विद्यार्थ्याची उपस्थिती, झोप, आहार, अभ्यास दीर्घकाळ विस्कळीत दिसत असल्यास त्याला समुपदेशकाकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक विभागाच्या सूचनाफलकावर लावण्यास कोणताही खर्च येत नाही.

७. निष्कर्ष

१) करुण आणि विप्रलंभ यांतील शास्त्रीय भेद मृत्यूनंतरच्या प्रेमकवितेत पूर्णपणे टिकत नाही. वस्तुस्थिती करुणाची असूनही स्थायी भाव रतीचाच राहू शकतो, आणि हेच अशा कवितेचे सामर्थ्य आहे.

२) आधुनिक शोकविचार नाते तोडण्याकडून नाते नव्या रूपात राखण्याकडे सरकला आहे. विरहकवितेतील संबोधन हे या राखण्याचे भाषिक साधन आहे.

३) केवळ भावना मोकळी करणे पुरेसे नसते, तिला आकार मिळणे महत्त्वाचे असते.

४) इंदिरा संत यांच्या कवितेने व्यक्तिगत शोकाला आकार दिला, त्याचबरोबर विधवेच्या प्रेमाला मराठी भाषेत प्रतिष्ठेची जागा मिळवून दिली. उपशमनाला सामाजिक बाजूही असते, हे यावरून स्पष्ट होते.

५) कविता उपचाराला पूरक ठरू शकते, पर्याय नव्हे.

सारांश, प्रेमकविता गेलेल्याला परत आणीत नाही आणि मागे राहिलेल्याला विसरावयासही लावीत नाही. ज्याच्याशी बोलणे अकस्मात थांबले, त्याच्याशी बोलण्याची एक रीत ती शिकविते. ‘सहवास’ या संयुक्त संग्रहानंतर बेचाळीस वर्षांनी ‘गर्भरेशीम’ आले, तेव्हाही इंदिराबाईंच्या कवितेतील ते बोलणे चालूच होते.